काट्यावरचा काता

मराठीत त आणि ट ही दोन वेगळी अक्षरं आहेत, हे पहिलीत शिकवतात. त्या दोघांच्या मधल्या फटीत एखाद्या माणसाची अब्रू अडकू शकते, हे मात्र कुठल्याच इयत्तेत शिकवत नाहीत. ते मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी शिकलो, आणि तेही चारचौघांत. म्हणून जे घडलं ते शांतपणे, क्रमानं आणि कुणावरही राग न धरता सांगायचं ठरवलं आहे. माझा साडू विजयसिंह याच्यावरही माझा राग नाही. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

मी सयाजी पोवार. राहतो कोल्हापुरात, फुलेवाडीत, आणि नोकरी करतो एका साखर कारखान्यात. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण त्याचा यात काही दोष नाही. उसाची गाडी आवारात आली की आधी माझ्या वजनकाट्यावर येते. भरलेल्या गाडीचं वजन करायचं, ती रिकामी होऊन आली की पुन्हा करायचं, आणि वजाबाकी करून शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची. एवढंच माझं काम. पण या कामामुळे मला पोवार म्हणून कुणी ओळखत नाही. सगळे काटेसाहेब म्हणतात. लग्नपत्रिकासुद्धा 'काटे साहेब' या नावानं येतात, आणि बायको त्या परत पाठवायला निघते.

परगावच्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्या भागात 'काटा मारणे' म्हणजे वजनात खोट करणे, शेतकऱ्याचा ऊस कमी दाखवणे. आमच्याकडे याहून वाईट शिवी नाही. आईबहिणीवरून दिलेली शिवी माणूस चहाबरोबर गिळतो, पण 'तू काटा मारतोस' हे तिसऱ्या पिढीपर्यंत लक्षात ठेवतात. माझ्यावर हा आळ कधी आला नव्हता. झुंबरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या शेतकरीण आहेत. स्वतःचा ऊस स्वतः ट्रॅक्टरवर बसून घेऊन येतात. त्या पावतीकडे बघतसुद्धा नसत. खिडकीशी येऊन मला आकडा विचारायच्या, मी सांगितला की पावती कनवटीला लावून निघायच्या. नोकरीत मी बाकी काही कमावलं असेल-नसेल, पण हे कमावलं होतं.

आता मूळ प्रकरण. माझा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी रंकाळ्यावर चालायला जाऊ लागलो. कोल्हापुरात रंकाळ्यावर चालणं आणि साखर कारखान्यात नोकरी असणं या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. दर पन्नास पावलांवर कुणीतरी हात धरून थांबवतं. ऊसतोड कधी येणार, मागचं बिल कधी, यंदा साखरेचा उतारा किती. तासाभरात मी चाललो कमी आणि उभा जास्त राहिलो, आणि घरी आल्यावर रक्तदाब मोजला तर तो निघतानापेक्षा वर गेलेला. मला असा व्यायाम हवा होता, जो बंद खोलीत होतो आणि ज्यात कुणी बोलत नाही.

शेजारच्या शाळेच्या हॉलवर पाटी होती. पारंपरिक गोजू-रयू कराटे, वयाची अट नाही. ज्यांनी ती लावली त्यांनी वयाची अट नाही असं लिहिताना माझा विचार केला नव्हता, हे मला आत गेल्याबरोबर कळलं. पण लिहिलेल्या शब्दाला जागणारी माणसं होती. शिकवणारी तहरीम मुजावर नावाची मुलगी, तिशीच्या आतली, दिवसा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "काका, या. पण हॉलमध्ये आल्यावर काका नाही आणि मुलगी नाही. इथं मी सेन्सेई, म्हणजे गुरू." मी वाकून नमस्कार केला. तेव्हा कमरेत जी कळ आली, ती पुढे दोन आठवडे सोबत होती.

कराटेत रांग पट्ट्यांच्या रंगावर लागते. माझा पट्टा पांढरा, म्हणून मी शेवटी. माझ्या पुढे प्राथमिक शाळेतली मंडळी. त्यांच्यातल्या एका मुलीनं मला अतिशय गंभीरपणे विचारलं की, आजोबा, तुम्ही कुणाला न्यायला आलाय. मी सांगितलं की शिकायला आलोय, तर ती 'बरं' म्हणून पुढे बघायला लागली. या 'बरं'मध्ये जी दया होती, ती मी अजून विसरलेलो नाही. भाषेची मात्र अडचण आली नाही. जपानीत 'हो'ला 'हाय' म्हणतात. सेन्सेईंनी काही विचारलं की सगळ्यांनी मोठ्यानं 'हाय' म्हणायचं. कोल्हापूरच्या माणसाला हे निराळं शिकवावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी या कराटेचं मूळ सांगितलं. जपानच्या खाली ओकिनावा नावाची बेटं आहेत. तिथला एक तरुण समुद्र ओलांडून चीनमध्ये गेला, तिथल्या गुरूंकडे वर्षानुवर्षं राहिला, विद्या घेऊन परतला आणि आपल्या गावात शिकवू लागला. त्याच्या शिष्यानं पुढे तिला नाव दिलं. गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ, रयू म्हणजे घराणं. श्वास आत घेणं आणि बाहेर सोडणं यातच कठीण आणि मऊ दोन्ही आहे, असा त्याचा अर्थ. पूर्वी त्या बेटांवर सामान्य माणसाला शस्त्र बाळगायला बंदी होती, म्हणून हात रिकामे ठेवून लढायची ही रीत निघाली असंही सांगतात. खरं-खोटं तिथलेच जाणोत. मला ते ऐकून भरून आलं. इतका जुना वारसा, इतका लांबचा प्रवास, आणि शेवटी तो फुलेवाडीत माझ्यापर्यंत आला.

हे मी खालच्या मजल्यावरच्या आण्णांना सांगितलं. आण्णा तरुणपणी तालमीत होते आणि अजून त्यांचा कुठल्याही गोष्टीवरचा निकाल तालमीतला असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गो म्हंजे गाय. जू म्हंजे बैलाच्या मानंवरचं. ह्यात मारामारी कुठं हाय?" मी म्हणालो, जपानीत जू म्हणजे मऊ. त्यावर ते म्हणाले की जू मऊ असतं तर बैलाच्या मानेला घट्टे कशाला पडले असते. मग त्यांनी मला दूध, बदाम, लाल माती आणि जोर-बैठका यांचा पूर्ण कार्यक्रम सांगितला. समोर माणूस नसताना हवेत हात मारणं हा त्यांच्या मते वेडाचा पहिला टप्पा होता, आणि दुसरा टप्पा कुठला ते त्यांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं.

या कराटेत लढाईच्या हालचालींचा एक ठरलेला क्रम असतो. त्याला काता म्हणतात. आमच्या घराण्याचा मूळ काता म्हणजे सांचिन. पायाचे अंगठे आत वळवून उभं राहायचं, सगळं शरीर घट्ट करायचं आणि पोटातून आवाज करत श्वास सोडायचा. माझी बायको संयोगिता हिनं मला हे पहिल्यांदा करताना बघितलं तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं की, बाथरूम मोकळं आहे, जायचंय का. मी पुढचा श्वास सोडला. सांचिन करताना बोलत नाहीत.

मी पहाटे गॅलरीत सराव सुरू केला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आण्णांनी इमारतीचा मेन स्विच बंद केला आणि सगळ्यांना लहान मुलांसकट खाली आणलं. कुठंतरी गॅस गळतोय, सारखा फुस्स आवाज येतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. मी डोळे मिटून सांचिनमध्ये असल्यामुळे मला काही कळलं नाही. गॅस एजन्सीचा माणूस नाकाला रुमाल लावून जिन्यातून वर आला, आवाजाचा माग काढत आमच्या गॅलरीपर्यंत पोचला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं खाली बघून ओरडून सांगितलं, "सिलिंडर न्हाय, माणूस हाय." त्यानंतर कॉलनीत मला काही दिवस काटेसाहेबांऐवजी गॅस म्हणत होते. मी ते मनावर घेतलं नाही. फायदे दिसू लागले होते.

फायदे खरंच होते, ते सांगितले पाहिजेत. रक्तदाब उतरला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला की पूर्वी माझे कान तापायचे, आता मी पोटातून श्वास घ्यायचो आणि तो दमून गप्प व्हायचा. पाठ सरळ झाली. गुडघ्यांनी सुरुवातीला बंड केलं, मग तडजोड केली. सेन्सेई सांचिन करून घेताना मागून खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर तळहातानं थापा मारून बघायच्या, की शरीर भक्कम आहे की आतून पोकळ. आधी मी एका थापेत पुढच्या मुलीवर कोसळायचो. नंतर जागचा हलेनासा झालो. घरी येऊन मी अभिमानानं सांगायचो की आता मला काही लागत नाही. हे वाक्य थोडं फुगवलेलं होतं.

आता भाषेचा मुद्दा. कोल्हापुरात आम्ही सगळंच मारतो. चक्कर मारतो, जोर मारतो, गप्पा मारतो, सही मारतो. त्यामुळे आमच्या वर्गात कुणी काता करत नाही, काता मारतात. मीही घरी तेच म्हणायचो आणि संयोगिताही तेच म्हणू लागली. यात कुणाला धोका दिसला नाही. दिवाळीच्या आधी माझी परीक्षा झाली आणि पांढऱ्याचा पिवळा पट्टा मिळाला. माझ्या आयुष्यात परीक्षेनंतर टाळ्या वाजल्याची ही पहिलीच वेळ. संयोगिता मनातून खूश झाली होती, पण मला न दाखवता तिनं ती खुशी जयसिंगपूरला आपल्या धाकट्या बहिणीला, क्रांतीला, फोन करून दाखवली.

हा फोन मी ऐकला नाही, पण पुढे त्याची इतकी उजळणी झाली की मला तो पाठ आहे. संयोगिता म्हणाली, ह्यांचं काय सांगू, रोज पहाटे उठून काता मारतात. मारून मारून आता पिवळा मिळालाय. म्हणतात, आता मला काही लागत नाही. आणि त्यात त्यांना इतकं समाधान मिळतंय की रक्तदाबसुद्धा उतरला. फोनला रेंज नव्हती, मागे क्रांतीच्या घरात मिक्सर चालू होता, आणि क्रांतीच्या नवऱ्याला, म्हणजे विजयसिंहला, फोन स्पीकरवर ऐकायची सवय. तो शेतकऱ्यांच्या संघटनेत आहे. ऊसदराचं आंदोलन म्हटलं की हा पहिल्या ट्रॅक्टरवर, उपोषण म्हटलं की मांडवात पहिला. अशा माणसाच्या कानात काता शिरूच शकत नाही. त्यानं काटा ऐकला. पिवळ्याचं त्यानं सोनं केलं. आणि रक्तदाब उतरला हे ऐकून त्याला माझ्या पापाची खात्रीच पटली.

गाळप हंगाम सुरू होताच जयसिंगपूरला शेतकऱ्यांचा मेळावा झाला. त्यात विजयसिंह बोलला. त्यानं माझं नाव घेतलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं मुद्दाम नोंदवतो. तो एवढंच म्हणाला, "काटा कोण मारतंय म्हणून इचारता न्हवं? आमच्या घरातलाच माणूस मारतोय. रोज पहाटं उठून मारतोय. आणि त्याचं त्याला पिवळं मिळालंय. नातं घरात, ऊस फडात." त्याला वजनकाट्यावर नोकरी करणारा नातेवाईक एकच आहे, हे सगळ्या शिरोळ तालुक्याला ठाऊक होतं. व्हिडिओ माझ्यापर्यंत कॉलनीच्या ग्रुपवरून आला. त्याखाली आण्णांनी अंगठा दाखवला होता. आण्णा निधनवार्तेलाही अंगठा दाखवतात, तेव्हा त्याचा राग धरण्यात अर्थ नव्हता.

मी संयोगिताला म्हणालो, बहिणीला फोन करून चूक दुरुस्त कर. तिनं केला. ती म्हणाली, अगं काटा नव्हे, काता. पलीकडून क्रांती म्हणाली, तेच म्हणतोय की आम्ही, काटा. ही म्हणाली, काटा नव्हे गं, काता. असं बराच वेळ चाललं. शेवटी संयोगिता वैतागून म्हणाली, त तलवारीतला. त्यावर क्रांतीनं नवऱ्याला सांगितलं की ताई आता तलवारीची भाषा बोलाय लागली. दोघी बहिणींचं त्यानंतर बरेच दिवस बोलणं बंद होतं, आणि त्याचा ठपका घरात माझ्यावर आहे.

कारखान्यात कार्यकारी संचालकांनी मला बोलावलं. ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांना प्रत्येक गोष्ट एका शब्दात हवी असते. म्हणाले, पोवार, एका शब्दात सांगा, मारता की नाही. मी म्हणालो, मारतो, पण. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले की पण हा दुसरा शब्द झाला, तो लेखी द्या. मी लेखी दिलं. मी काता मारतो, काटा नव्हे, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. टायपिस्टबाई शुद्धलेखनाबाबत फार काटेकोर. त्यांनी माझी चूक दुरुस्त करून टाइप केलं, मी काटा मारतो, काटा नव्हे. मी न वाचता खाली सही मारली. संचालकांनी तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि मला सुट्टी घ्यायची आहे का, असं हळू आवाजात विचारलं.

मग वजनमापे खात्याची मंडळी आली. प्रमाणित वजनं ठेवून त्यांनी काटा तपासला. काटा शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर निघाला. मला वाटलं, संपलं. पण विजयसिंहनं फाटकावर सांगितलं की यंत्र चांगलं हाय, यंत्रामागचा माणूस बघा. यावर वजनमापे खातं काही करू शकत नाही. माणसासाठी प्रमाणित वजनं सरकारनं अजून काढलेली नाहीत.

त्याच आठवड्यात झुंबरबाईंची खेप आली. त्या खिडकीशी आल्या. मी आकडा सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी पावती घेतली, वळल्या, आणि पलीकडे उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरकडून ती वाचून घेतली. दोनदा वाचून घेतली. माझ्याकडे बघितलंही नाही. इथपर्यंत मी सगळं श्वासावर निभावलं होतं. त्या दिवशी मात्र पोटातून श्वास घेतला तरी काही उपयोग झाला नाही. मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन मी संयोगिताला सांगितलं की मी कराटे सोडतो. ती म्हणाली, सोडलात तर लोक म्हणतील, बोभाटा झाला म्हणून काटा मारायचं थांबवलं. 

सोमवारी संघटनेनं काटा बंद पाडला. विजयसिंह काट्याच्या तोंडाशी आपला ट्रॅक्टर आडवा लावून उभा. मागे फाटकाबाहेरपर्यंत गाड्यांची रांग. रांगेत सगळ्यात पुढे झुंबरबाईंची ट्रॉली. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो आणि वाळला की वजन उतरतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. झुंबरबाई ट्रॉलीच्या सावलीत बसून होत्या आणि मधूनमधून एक कांडं हातानं दाबून बघत होत्या. त्यांचा ऊस माझ्यापायी वाळत होता. आजवर मी कधीच मारलं नव्हतं ते वजन आता खरंच मारत होतो, नुसता खिडकीत बसून.

विजयसिंह माझ्यापुढे येऊन म्हणाला, "साडूभाऊ, काटा न्हाय काता म्हणता न्हवं? मग मारून दावा. हितं, समद्यांसमोर. आमाला बी कळूद्या काय असतंय ते." लोक हसले. मी संयोगिताला फोन केला. तिनं माझा फोन ठेवून पुढचा लावला, आणि तासाभरात तहरीम सेन्सेई स्कूटरवरून आल्या. मागे आण्णा, त्यांच्या मांडीवर माझा गणवेश इस्त्री करून ठेवलेली पिशवी. सेन्सेई म्हणाल्या, "काका, बदला." हॉलच्या बाहेर असल्यामुळे मी पुन्हा काका झालो होतो. वजनाच्या केबिनमध्ये मी पँट-शर्ट काढून पांढरा गणवेश घातला आणि पिवळा पट्टा बांधला. गाठ दोनदा उलटी पडली, तेव्हा ती सेन्सेईंनी बांधून दिली. मी बाहेर आलो तेव्हा मागच्या गाड्यांतून कुणीतरी विचारलं, ह्यो डॉक्टर हाय का आचारी.

सेन्सेईंनी आवाज न चढवता लोकांना कराटेचं मूळ सांगितलं. बेटं, चीन, रिकामे हात, कठीण आणि मऊ. तिथल्या शेतकऱ्यांचा विळा आणि जात्याचा खुंटा हीसुद्धा पुढे शस्त्रं झाली असं म्हणतात, हेही सांगितलं. विळा म्हटल्यावर लोक जरा पुढे सरकले. कुणीतरी विचारलं, तिकडं पिकतंय काय. सेन्सेई म्हणाल्या, ऊस. ओकिनावाचं मुख्य पीक ऊसच. यावर दोन-तीन ड्रायव्हर गाड्यांवरून खाली उतरून पुढे आले. मग मागून एक जण म्हणाला, "मग तितं वजन कोण करतंय?" सेन्सेईंना हे माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं.

मी वजनकाट्याच्या लोखंडी फळीवर जाऊन उभा राहिलो, कारण सपाट जागा तेवढीच होती. आत केबिनमध्ये पडद्यावर माझं वजन उमटलं असणार, पण कुणी बघितलं नाही. मी नमस्कार केला, अंगठे आत वळवले, सांचिन सुरू केला. पहिला श्वास सोडला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्याला कमी हसली. आण्णा माझ्या बाजूला उभे राहून लोकांकडे तोंड करून म्हणाले, "दम बघा. दम पोटातनं येतोय. आमच्या वस्तादाचा असाच यायचा." आण्णांनी कराटेबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. मला ऐकू आला, पण सांचिनमध्ये आनंद दाखवता येत नाही.

मग सेन्सेई म्हणाल्या की या कात्यात शरीर भक्कम आहे की पोकळ, हे गुरू थाप मारून बघतात. कुणाला बघायचं असेल त्यानं यावं. विजयसिंह पुढे झाला, पण त्याच्या आधी झुंबरबाई उठल्या. पदर खोचून काट्यावर चढल्या. माझ्याभोवती एक फेरी मारली, बाजारात बैल बघतात तशी. आणि उजव्या खांद्यावर थाप दिली.

सेन्सेई हाताच्या तळव्यानं मोजून मारतात. झुंबरबाईंच्या हातात आयुष्यभराची उसाची बांधणी होती. थाप बसली आणि माझ्या खांद्यातून कोपरापर्यंत वीज गेली. पाय हलले नाहीत, हे खरं. पण डोळ्यांत पाणी आलं. काता संपेपर्यंत मी तसाच उभा राहिलो, शेवटचा श्वास सोडला आणि नमस्कार केला.  झुंबरबाई माझ्या तोंडाकडे अगदी जवळून बघत होत्या.

त्यांनी विचारलं, "लागलं व्हय?"

विजयसिंहच्या चेहऱ्यावर हसू आलं. आता मला काही लागत नाही, हे माझं वाक्य त्याच फोनवरून त्याच्याही घरात पोचलं होतं. सेन्सेई माझ्याकडे बघत होत्या. आण्णा बघत होते. फाटकापर्यंतचे सगळे ड्रायव्हर बघत होते. आमच्या घराण्याचा इतका लांबचा प्रवास, कठीण आणि मऊ, पिवळा पट्टा, माझी सरळ झालेली पाठ, हे सगळं त्या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं. न्हाय म्हणायला किती सोपं होतं.

"लागलं," मी म्हणालो. "लई लागलं."

लोक हसणार, एवढ्यात झुंबरबाई वळल्या. "हसू नगासा," त्या म्हणाल्या. "एवढ्या माणसांत, असला झगा घालून हुबा ऱ्हायल्यावर कुणीबी 'न्हाय लागलं' म्हणालं असतं. तू म्हणाला न्हवतास व्हय, इजयसिंगा, उपोषणात भूक लागत न्हाय म्हणून? ह्यो खरं बोलतोय. ट्रॅक्टर काढ आडवा घातलेला, माझा ऊस वाळाय लागलाय."

 विजयसिंहनं ट्रॅक्टरवर चढून तो बाजूला घेतला. झुंबरबाईंची ट्रॉली काट्यावर आली. मी गणवेश न बदलता तसाच केबिनमध्ये जाऊन खिडकीत बसलो, वजन घेतलं, ट्रॉली रिकामी होऊन आल्यावर पुन्हा घेतलं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. पावती मात्र डाव्या हातानं द्यावी लागली, कारण उजवा वर जात नव्हता, आणि त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली.